ताप कधी उतरला

सुनेनं पूजेसाठी विभूतीची नवी गोळी फोडली आणि त्या कोरड्या, राखट वासासरशी मला नांदेडचा दवाखाना आठवला.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि आमच्या अहमदपुरात प्यायला पाणी नव्हतं. पावसासाठी महादेवाला अभिषेक करायचं ठरलं, तेव्हा आमचे हे सगळ्यांसमोर म्हणाले, "अभिषेकानं पाऊस येत न्हाई. त्यापरीस तळ्यातला गाळ काढू." हे शाळेत मास्तर होते. त्यांचं ऐकून काही पोरं फावडी घेऊन तयारही झाली. पण त्याच आठवड्यात ह्यांना टायफॉईड झाला. लोक म्हणाले, महादेव कोपला.

नांदेडला सलाईनवर ठेवलं. एका सकाळी त्यांचं अंग घामानं भिजलं आणि ताप उतरला. गार कपाळावर हात ठेवून मी रडले. दुपारच्या एसटीनं सासूबाई आल्या आणि झोपलेल्या लेकाला त्यांनी विभूती लावली.

घरी परतल्यावर गल्ली जमली. सासूबाई सांगत होत्या, "म्या विभूती लावली अन् ताप उतरला."

शेजारचे अप्पा हसले, "काय मास्तर, शेवटी महादेवच धावला की."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. खरं मला एकटीलाच ठाऊक होतं. पण सासूबाईंचा चेहरा इतका उजळला होता, की मी पदर सावरत चहा टाकायला उठले.

अभिषेक झाला, गाळ तसाच राहिला. हे पुन्हा चारचौघांत कधी बोलले नाहीत. मलाही त्यांनी कधी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.