बाबू खलाशाचा नकार

बॅलार्ड पिअरवर बोट सुटण्याआधी बाबांनी माझ्या कोटाची कॉलर नीट केली आणि म्हणाले, "परक्या मुलखात मोठ्या माणसाला नाही म्हणू नकोस." मी "हो" म्हटलं. आमच्या घरात दुसरं उत्तर नव्हतंच.

हॅम्बर्गला रसायनशास्त्रात डॉक्टरेट करायला आलो आणि तिसऱ्या वर्षी तुरुंगाची पायरी चढलो. घाबरू नका, दुभाषा म्हणून. बंदरातल्या एका बोटीवर घड्याळांची खोकी फोडून चोरी झाली होती आणि आळ आला होता मालवणकडच्या बाबू नावाच्या खलाशावर. जबाबात त्याने सगळं कबूल केलं होतं. बोट त्याला मागे ठेवून निघूनही गेली.

त्या कबुलीवर एकाच माणसाचा विश्वास नव्हता, तिथल्या वॉर्डरचा. हे लोरेन्झ दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांचे कैदी होते, त्यामुळे त्यांना मोडकंतोडकं इंग्रजी यायचं. त्यांनी बाबूला सहज विचारलं, "तू बर्लिनचा महापौर आहेस का?" बाबू म्हणाला, "येस सर." त्याच दिवशी त्यांनी आमच्या इन्स्टिट्यूटला पत्र टाकलं, या माणसाची भाषा येणारं कोणी आहे का म्हणून. हे काही त्यांचं काम नव्हतं. कैदेत असताना आपल्याशी आपल्या भाषेत कोणी बोललं नाही, एवढंच ते मला म्हणाले.

मला वाटलं, मराठीत विचारलं की झालं. टाय लावून, शुद्ध पुणेरीत मी विचारलं, "खोकी आपण फोडलीत का?" बाबू उठून उभा राहिला. "होय सायबानू." मी चाटच पडलो. त्याला माझ्यातही साहेबच दिसत होता. आणि मी तरी कुठला शूर? प्रोफेसर काहीही बोलले की मान डोलावून 'गेनाऊ, गेनाऊ', म्हणजे 'अगदी बरोबर', करणारा.

मग कोट काढून त्याच्या बाकावर बसलो, गावाकडचं विचारलं. नंतर म्हटलं, "बाबूदादा, इथे नाही म्हटलं तर चालतं. तो तुमचा हक्क आहे. वकीलसुद्धा मागता येतो."

"नाय म्हटला तर चलात?"

"चालेल."

"मगे नाय. मी त्या खोक्यांक हात लावूक नाय."

कोर्टातही तो ताठ उभा राहून तेच म्हणाला. कबुलीखेरीज पुरावा नव्हताच, बाबू सुटला.

लोरेन्झनी माझ्याकडून नाही म्हणण्याच्या हक्काची ती दोन-तीन वाक्यं मराठीत लिहून घेतली. पुढे इटालियन, ग्रीक, तुर्की कामगार येऊ लागले, तशी त्यांच्या खणात त्या त्या भाषेतली पानं साठत गेली. रविवारी कामगारांच्या वसतिगृहांतून स्वतः हिंडून ते ती लिहून आणत. एवढा मोठा माणूस मी विद्यापीठातही पाहिला नाही.

बाबू सुटला त्या आठवड्यात मी बाबांना लिहिलं, तुम्ही ठरवलेल्या नोकरीसाठी मी परत येणार नाही. जन्मातला पहिला नकार. उत्तराची वाट पाहताना जेवण जात नव्हतं. महिन्याने पत्र आलं, एका ओळीचं: "बरं. दिवाळीचा फराळ कुठल्या पत्त्यावर पाठवू?"

घर कुठलं, असं कोणी विचारलं की मला अजून ती ओळच आठवते.