रिकाम्या चाळीतला एक जखमी

इथले अनुभव मी बरेच दिवस वाचतेय आणि खरं सांगायचं तर निम्म्यांना हसलेय. 'लाइट गेली, कुत्रं रडलं' असलं काही दिसलं की नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायचे. देवाला हात जोडते, पण तेही सणासुदीला. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय... पण घरात कोणाशी बोलता येत नाही, म्हणून इथे.

मी परळला एका ऑफिसात काम करते. भूकंप, पूर असं काही आलं तर किती नुकसान होईल, याचा अंदाज देणारं एक सॉफ्टवेअर आम्ही चालवतो. साधं ब्राउझरमध्ये उघडतं. प्रत्येक इमारतीचं वय, मजले, आत राहणारी माणसं, हे आम्ही आधीच भरून ठेवतो. मग ते सांगतं, कुठे किती जखमी असतील आणि ॲम्ब्युलन्स आधी कुठे पाठवायची.

लालबागची आमची चाळ त्यात मीच भरली होती. पुनर्विकासासाठी सगळे बाहेर पडले होते, बाबा माझ्याकडे वडाळ्याला राहायला आले होते. माणसं - शून्य. त्यावर दुसऱ्यांदा विचार करायचं कारणच नव्हतं.

आई जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. बाबा रोज अकराला डबा घेऊन निघायचे.

"बाबा, कुठे एवढ्या उन्हात?"

"दादराक जावन येतंय गो. कट्ट्यार बसतंय, थंयच जेवतंय."

म्हटलं, बरं झालं, चार माणसांत रमतायत. डबा मीच भरून द्यायचे.

त्या दिवशी आमचं मॉक ड्रिल होतं. भूकंप खोटा, पण गाड्या खऱ्या, डॉक्टर खरे. दुपारी एकच्या सुमारास मी बटण दाबलं आणि यादी आली. सगळ्यात वर आमची चाळ! जखमी एक, गंभीर.

आमचे साहेब, सावंत सर, शेजारीच उभे होते. ते हसले. "मॅडम, रिकाम्या चाळीत जखमी कोण? मुंजा?"

मीही हसले. नोंद उघडून बघितली, माणसं शून्यच होती. सॉफ्टवेअर गंडलंय म्हटलं आणि तो एक काढून टाकला. पुन्हा चालवलं — पुन्हा एक. पुन्हा काढला. तिसऱ्यांदा आला तेव्हा मला रागच आला.

"बघा ना सर, डोकं फिरलंय याचं!"

"अहो, ती चाळच काढा यादीतून. गाडी खोळंबलीय तिकडे."

स्क्रीनवर प्रश्न आला, नक्की वगळायचं? मी 'हो' दाबलं. लालबागला जाणार होती ती ॲम्ब्युलन्स परळच्या एका मैदानात गेली. तिथे स्वयंसेवक कपाळाला लाल रंग फासून पडले होते, त्यांना स्ट्रेचरवरून नेलं. शेवटी टाळ्या वाजल्या.

पाचला घरी फोन केला. बाबा एरवी तीनपर्यंत यायचे, ते अजून आले नव्हते आणि फोनही उचलत नव्हते. मी तडक दादरला कट्ट्यावर गेले. तिथल्या आजोबांनी एकमेकांकडे बघितलं.

"तळवडेकर? अगं, वहिनी गेल्यापासून ते एकदाही इकडे फिरकले नाहीत."

मग मात्र चाळीतला तो 'जखमी एक' आठवला. टॅक्सी करून लालबागला आले.

दुसऱ्या मजल्यावर आमच्या खोलीचं कुलूप काढलेलं होतं. बाबा उंबऱ्याशी पालथे पडले होते. अंग गार... गॅलरीच्या कठड्यावर पानाचा तुकडा, त्यावर मी दिलेला भात आणि काळ्या वाटाण्याची आमटी. आईच्या आवडीची.

समोरच्या दुकानातल्या काकू धावत वर आल्या. म्हणाल्या, "रोज यायचे गं. मी विचारलं एकदा, घास वडाळ्याला का नाही ठेवत? तर म्हणाले, 'हंयचेच कावळे तिका वळाखतत.'"

डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक. एकच्या आधीच आला असावा, पण लगेच गेले नाहीत, सरपटत दारापर्यंत आलेत. "तेव्हा कोणी पोहोचलं असतं तर..."

सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी नंतर सगळं तपासलं. माणसं शून्य असताना जखमी एक येऊच शकत नाही म्हणतात, शून्याला कशानेही गुणा. सिस्टीममध्ये बाहेरून कोणी शिरलेलं नाही. त्यानंतर मी कितीदा तरी चालवून बघितलं, चाळ शून्यच दाखवते. तुमच्यापैकी कोणाला यातलं कळत असेल तर सांगा. मला अजून उत्तर मिळालेलं नाही.

ऑफिसपासून चाळ चालत दहा मिनिटांवर आहे. बाबा दाराकडे सरकत होते, तेव्हा मी एसीत बसून त्यांना यादीतून काढत होते. तीन वेळा.

धाकट्या भावाला हे अजून सांगितलेलं नाही. परवा माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "ताई, रडू नको गं. तुला कुठून कळणार होतं?"