निकेलचा पापुद्रा

निकेल केलेलं पिस्तूल चांगलं की निळं-काळं, असं मला कुणी विचारलं की मी अजूनही विषय बदलतो. एके काळी याच प्रश्नावर मी तास तास बोलत असे. ऐकणारा कंटाळला तरी बोलत असे.

सत्तरच्या दशकात सोलापुरात बंदुकांच्या एका दुकानात मी नोकरीला होतो. आमची गिऱ्हाइकं म्हणजे रानडुकरांना वैतागलेले बागायतदार, बँकांचे पहारेकरी, आणि क्वचित खिशात मावणारं छोटं पिस्तूल घेणारा एखादा परवानाधारक. परदेशी माल येणं जवळजवळ बंदच झालं होतं. त्यामुळे ही छोटी पिस्तुलं सगळी वापरलेली असायची. कुणा निवृत्त अधिकाऱ्याच्या घरून आलेली, कुणा वारलेल्या जमीनदाराच्या कपाटात पडून राहिलेली. ती झिजून, डागाळून यायची आणि आम्ही त्यांना पुन्हा रंगरूप द्यायचो. आम्ही म्हणजे मीच. मालक गल्ल्यावरून उठायचे ते फक्त जेवायला.

आमचं घर सूत रंगवणाऱ्यांचं. घरात तेलुगू, रस्त्यावर मराठी. वडील चादरीचं सूत रंगवायचे आणि त्यांचे हात कोपरापर्यंत कधी जांभळे, कधी हिरवे असायचे. मला त्या हातांची लाज वाटायची, म्हणून मी इस्त्रीचा शर्ट घालून दुकानातली नोकरी धरली. पण डोळा त्यांचाच आला माझ्याकडे. पोलादाचा रंग मला सुताच्या रंगासारखाच दिसायचा. निळं-काळं म्हणजे वरून लावलेला रंग नव्हे. ती पोलादाचीच कातडी, नीट घासून मग काळवंडवलेली. खालची घासणी चांगली असेल तर त्यात विहिरीत डोकावल्यासारखी खोली दिसते. कडा झिजल्या की तिथे पांढरं पोलाद डोकावतं, घामाचा हात लागत राहिला तर तपकिरी छटा येते, रोज तेलाचं बोट फिरवावं लागतं. निकेलचं तसं नाही. तो वेगळाच धातू, वर येऊन बसलेला. त्याची चमक किंचित पिवळसर, उबदार. क्रोमसारखी गार नाही. घामाला तो दाद देत नाही. काही पिस्तुलांची खालची फ्रेम हलक्या धातूची असायची आणि ती निळं घ्यायचीच नाही, तिला वेगळा काळा हात द्यावा लागे. कुणाला वरचा भाग काळा आणि फ्रेम पांढरी असं दुरंगी हवं असायचं. अशा गिऱ्हाइकाकडे मी मनातल्या मनात तमाशातल्या कोटाकडे बघावं तसा बघायचो.

निकेलचं एक आणखी आहे. तो खालचं सगळं झाकतो. आणि खालचं स्वच्छ नसेल तर धरत नाही. वडील सूत आधी उकळून, त्यातली खळ काढून मगच रंगात बुडवायचे. घाई करणाऱ्या गड्याला शिव्या घालायचे. म्हणजे मला हे लहानपणापासून ठाऊक होतं. मला ठाऊक नव्हतं असं मी कुणालाही सांगू शकत नाही.

श्रावणात श्रीपूरहून एक गृहस्थ आले. साखर कारखान्यात रोखपाल. पगाराची पेटी जीपमधून आणावी लागे म्हणून त्यांनी पिस्तुलाचा परवाना काढला होता. बरोबर पत्नी होत्या, तिशीच्या आतबाहेर, अक्कलकोटच्या बाजूच्या. बोलताना मध्येच कानडी हेल यायचा. त्या वेळी दुकानात दोनच छोटी पिस्तुलं होती, एकाच मापाची. एक निळं-काळं, तपकिरी मुठीचं, कडांना झिजलेलं पण आतून ठणठणीत. दुसरं मी नुकतंच निकेल केलेलं, शिंपल्यासारख्या पांढऱ्या मुठीचं, बघता क्षणी डोळ्यांत भरणारं.

त्या पांढऱ्या पिस्तुलाच्या डाव्या बाजूला गंजाचे खड्डे होते. ते घासून काढायला दोन दिवस लागले असते. मालक म्हणाले, "वर चढव की, कोण खाली बघतंय?" मी अर्धवट घासलं आणि चढवलं. मालकांचं नाव मी घेतलं खरं, पण हात माझेच होते.

विकतानाही मी चलाखी केली. पांढरं पिस्तूल मी गर्द निळ्या मखमलीवर ठेवलं. काळं पिस्तूल काळ्या कापडावर ठेवलं, म्हणजे ते पार बुडून जाईल. साहेब पांढऱ्याकडे झुकलेच. बाईंनी मात्र काळं हातात घेतलं, उजेडाकडे धरलं, अंगठा फिरवला.

"हे काळं बरं वाटतंय की. वापरात आलेल्या तव्यावानी हाय. काय झालं तर दिसंल तरी. त्या पांढऱ्याच्या खाली काय हाय ते कळतच न्हाई."

इतकं नेमकं आजवर कुठल्याच गिऱ्हाइकानं सांगितलं नव्हतं. मला राग आला. मी हसून म्हणालो, "वहिनी, पिस्तूल घ्यायला आलात की तवा?"

साहेब मोठ्यानं हसले. मालक हसले. बाईंनी पिस्तूल काळ्या कापडावर जसं होतं तसं परत ठेवलं आणि पदर सारखा केला. तासाभरात पांढरं पिस्तूल श्रीपूरला गेलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दोघं परत आले. साहेबांचा चेहरा लाल होता. रुमालात गुंडाळलेलं पिस्तूल त्यांनी काउंटरवर ठेवलं. डाव्या बाजूला, बरोबर मधोमध, निकेलचा नखाएवढा पापुद्रा सुटला होता आणि खाली तपकिरी खड्डा उघडा पडला होता. तो खड्डा मी ओळखला. आपल्या अंगावरचा डाग ओळखतो तसा ओळखला.

झालं होतं असं की खंडेनवमीला घरातल्या हत्यारांची पूजा करायची त्यांच्याकडे रीत होती. कोयता, विळा, विळी, साहेबांची सायकल आणि या वर्षी पिस्तूल. पूजा बाईंनी मांडली होती. दसऱ्याच्या संध्याकाळी कुंकू पुसायला गेल्या तर फडक्याबरोबर पापुद्रा निघाला. ऐन दसऱ्याला हत्याराची कातडी सोलली गेली. सासूबाईंनी तिथेच तोंडावर पदर घेतला.

"मी पाणी लावलं न्हाई," बाई मला सांगत होत्या, साहेबांना नव्हे. "कोरड्या फडक्यानं पुसलं. विभूतीची तीन बोटं वढली, कुंकू लावलं, फूल ठेवलं. एवढंच की, अण्णा. तुमाला समजंल बघा. तुमी करता ना हे काम?"

"हिला हे पहिल्यापासून नकोच होतं," साहेब म्हणाले. "मनात तेच धरून बसली. आई म्हणते ते काही खोटं नाही. हिचा हातच तसला."

मालकांनी माझ्याकडे बघितलं. डोळे वटारले वगैरे काही नाही, नुसतं बघितलं. आणि मी तोंड उघडलं.

"कुंकवात लिंबाचा रस असतो, वहिनी. आंबट गोष्ट निकेल खाते. तुम्हाला माहीत नसणार, त्यात तुमचा काय दोष?"

यातला लिंबाचा रस खरा होता. आमच्या शेजारच्या बाई कुंकू करायच्या, हळदीत काय काय घालतात ते मला माहीत होतं. त्यामुळे माझा आवाज अजिबात अडखळला नाही. शेवटी "तुमचा काय दोष" म्हणून मी वर दयाही दाखवली. त्या वाक्याची मला आज सगळ्यात जास्त किळस येते.

 बाईंनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "एका रातीत खातं व्हय?"

"खातं," मी म्हणालो.

पिस्तूल आम्ही पैसे न घेता पुन्हा करून दिलं. साहेबांनी मालकांचे आभार मानले. या वेळी मी दोन दिवस घासलं, खड्डे मुळापासून काढले, आधी तांब्याचा हात दिला, मग निकेल. माझ्या हातून झालेलं ते सगळ्यात चांगलं काम. आणि तेच करताना बाईंच्या बाजूचा जो एकमेव पुरावा होता, तो मी घासून घासून नाहीसा केला.

मार्गशीर्षात साहेब तेलाची बाटली घ्यायला आले. मी सहज विचारावं तसं विचारलं, "वहिनी बऱ्या आहेत ना?"

"आहे. आईनं तिला देवाचं काही करू देणं बंद केलंय. विभूती, पूजा सगळं आता आईच करते. तिला गळ्यातल्या लिंगाची पूजासुद्धा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसून करावी लागते. आम्ही तरी काय करणार? म्हाताऱ्या माणसाच्या मनात बसलं की बसलं." मग पिस्तूल काढून मला दाखवलं. "काम मात्र झकास केलंत हां तुम्ही!"

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. आईनं विचारलं तर पोट दुखतं म्हणालो. वडील रंगाचे हात धुऊन पाटावर बसले होते आणि माझं लक्ष सारखं त्यांच्या हातांकडे जात होतं. आठ दिवस मनाशी वाक्यं जुळवली आणि एका रविवारी श्रीपूरची एसटी धरली.

कारखान्याचा हंगाम ऐन भरात होता. उसाच्या बैलगाड्यांची रांग फाट्यापर्यंत आली होती. कारखान्याच्या चाळीत घर सापडायला वेळ लागला नाही. ओट्यावर सासूबाई सुपात ज्वारी निवडत होत्या. साहेब हंगामामुळे रविवारीही कामावर होते. बाईंनी मला आत बसवलं, पाणी दिलं, चहा टाकला. सोलापूरच्या दुकानातला माणूस इतक्या लांब का आला, हे त्यांनी विचारलं नाही. चहाचा कप हातात दिला आणि समोर उभ्या राहिल्या.

मी सांगितलं. खाली मान घालून, पण सगळं सांगितलं. खड्डे, अर्धवट घासणी, लिंबाचा रस. म्हणालो, "वहिनी, चूक माझी होती. तुमच्या हातानं काहीच झालं नाही." सांगताना मला रडूही आलं. रडू आल्यावर छाती हलकी झाली. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला स्वतःचं कौतुकच वाटलं.

बाई रडल्या नाहीत. रागावल्याही नाहीत. दाराकडे एकदा बघून आवाज खाली आणून म्हणाल्या, "मला कशाला सांगताय अण्णा? माझ्या हातानं काय झालं आनि काय न्हाई, ते मला ठावं हाय की. त्यांना सांगा. पाचला येतील. आनि अत्तींना सांगा, भायेर बसल्यात."

कानडीत सासूला अत्ती म्हणतात.

"हो, सांगतो की," मी म्हणालो.

"मग बसा. मी उप्पीट करते."

त्या आत गेल्या. रव्याचा वास येऊ लागला. भांड्यांचा आवाज जरा मोठाच येत होता, आणि मध्येच त्या काहीतरी गुणगुणल्या. माझ्या घड्याळात साडेतीन झाले होते. पाचला साहेब येतील, मी सांगेन, ते मालकांकडे जातील, मालक मला काढून टाकतील. गावभर होईल की हा निकेलखाली गंज लपवून विकतो. वडिलांच्या कानावर जाईल. हे सगळं त्या दीड तासात मी कसं पेलणार होतो, असं मला वाटलं. आणि बाईंच्या कानावर तर घातलंच आहे ना, असंही वाटलं.

मी उठलो, चपला घातल्या आणि ओट्यावर आलो.

सासूबाईंनी सुपातून मान वर केली. "काय काम काढलं व्हतं, बाबा?"

त्यांना सांगायला ना साहेब हवे होते, ना मालक. ओट्यावर आम्ही दोघंच. एक वाक्य पुरलं असतं.

"काही नाही आजी. पिस्तुलाला वेळच्या वेळी तेल घालताय ना, ते बघायला आलो होतो."

"घालतो की. मी सोताच घालते. तिला हात लावू देत न्हाई मी त्याला," त्या म्हणाल्या आणि पुन्हा ज्वारीत बोटं घातली.

मागे दारात बाई उभ्या होत्या. हातात उप्पिटाची ताटली होती. त्यांनी सगळं ऐकलं होतं.  मी ओट्यावरून उतरलो आणि भरभर चालत सुटलो. चारची एसटी मला मिळाली.