विमलताई आणि न सांगितलेलं नाव

विमलताईंची आणि माझी पहिली भेट परभणीतल्या छापखान्यात झाली. मी तिथे अक्षरजुळणी करते. सोनपेठच्या आरोग्य केंद्रातून परिचारिका म्हणून निवृत्त झालेल्या ताई एसटीने आल्या होत्या. पिशवीत हाताने लिहिलेल्या तीन वह्या होत्या. "कादंबरी हाय, खुनाची," त्या संकोचून म्हणाल्या. दुपारपर्यंत निम्मी वही टाईप झाली आणि मी न राहवून विचारलं, "ताई, मारलं कुणी?"

"आधी डबा खाऊन घ्या. सकाळपासून उठल्याच न्हाईत तुमी," एवढंच म्हणून त्या निघून गेल्या.

पुढे त्यांच्या पाच कादंबऱ्या माझ्या हातून गेल्या. पाचही पुस्तकांत शोध घेतात त्या दोन म्हाताऱ्या: निवृत्त नर्स आक्का आणि मेंढरं राखलेली धुरपदा. आक्कांना औषधं कळतात, धुरपदाला माणसं. ही धुरपदा म्हणजे ताईंच्या शेजारीण सखूबाई. त्यांच्या घरी शेळ्या-मेंढ्या होत्या. सखूबाईंना अक्षरओळख नव्हती, पण ताईंचं प्रत्येक प्रकरण आधी त्यांच्यापुढे वाचलं जाई. शेवटाआधी त्यांनी खुनी ओळखला, तर ताई पुस्तक पुन्हा लिहीत.

एकदा मी तिथेच होते. गोष्टीतला सावकार सकाळी शेळीचं दूध पिऊन मेला होता आणि संशय डॉक्टरवर होता. सखूबाई वाती वळत ऐकत होत्या. मध्येच म्हणाल्या, "सिस्टर, त्या शेळीचं पिल्लू मोकळं ऱ्हातं म्हनलीस ना? मग सकाळी पेलाभर दूध कुठनं आलं? पिल्लानं ठिवलं असतं व्हय? कुनीतरी आदल्या दिशीच पिल्लू अलग बांधलं. डाक्टरला काय कळतंय त्यातलं? शेळ्या तर सूनच बांधती न्हवं? तीच हाय ती."

ताईंनी दोन प्रकरणं तिथल्या तिथे फाडली. इतक्या आनंदाने स्वतःचं लिखाण फाडणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

तिसऱ्या कादंबरीच्या वेळी छपाई सुरू होणार, तोच ताई पहिल्या गाडीने आल्या. त्यातली खुनी बाई बांगड्या विकणारी होती, विधवा होती, थोडी लंगडत चालायची. तशीच एक बाई सोनपेठच्या बाजारात बसते, हे त्यांना आदल्या दिवशी ध्यानात आलं होतं. "लोक तिच्याकडं बघून हसतील. माझ्या पुस्तकापायी तिनं खाली मान घालून का बसावं?" त्यांनी खुनी बदलला. त्यापायी सगळे धागे उसवून पुन्हा विणावे लागले. पुस्तक तीन महिने लांबलं, पण ताईंनी कधी खंत केली नाही.

माझ्या आईचं ऑपरेशन झालं, तेव्हा ताई आठ दिवस परभणीत येऊन राहिल्या. आईची पट्टी बदलायच्या आणि रोज एकच प्रकरण वाचून दाखवायच्या. आई मला म्हणायची, "खुनी कळल्याबिगर मी कुठं जात न्हाई बघ." आई बरी झाली.

दोन वर्षांपूर्वी सखूबाई गेल्या. सहाव्या कादंबरीची नऊ प्रकरणं त्यांनी ऐकली होती. शेवटच्या आजारात ताईंचा हात धरून म्हणाल्या होत्या, "मला कळलंय कोन हाय त्ये. पर आता सांगत न्हाई. तू पुरं लिही, मग सांगते."

त्यानंतर ताईंनी वही उघडली नाही. "कुणालाबी खुनी केलं तरी वाटतं, सखूनं ह्यालाच वळखलं असंल. आता इचारू कुणाला?" असं त्या मला फोनवर म्हणाल्या.

मागच्या महिन्यात ताईंच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी मी सोनपेठला गेले. ताईंनी आपणहून त्या अपुऱ्या कादंबरीची वही काढली आणि त्या वाचायला बसल्या. गोष्ट एका मेंढरं राखणाऱ्या म्हाताऱ्याच्या खुनाची होती. मी आदराने गप्प ऐकत होते. वाचता वाचता त्या थांबत, शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत आणि पुढे जात. शेवटी चष्मा काढून म्हणाल्या, "मधी बोल की गं. सखू अशी मुक्यानं ऐकत नसायची."

मी घाबरतच विचारलं, "ताई, म्हातारा मेल्यावर त्याच्या मेंढरांना पाणी कुणी दाखवलं?"

ताईंनी वहीची मागची पानं चाळली. "हे लिहायचंच ऱ्हायलं की," त्या हळूच म्हणाल्या. "सखूनं पयल्या दिवशीच इचारलं असतं." त्यांचे डोळे भरून आले. पदराने ते टिपून त्यांनी पेन मागितलं आणि कोऱ्या पानावर तो प्रश्न धुरपदाच्या तोंडी लिहिला. दोन वर्षांतली ती पहिली ओळ.

ताईंनी पंच्याहत्तरी पूर्ण केली आहे. त्यांची नजर स्वच्छ राहो, गुडघे कुरकुर न करोत, आणि आम्हाला त्यांचा सहवास अजून पुष्कळ वर्षं मिळो. कादंबरी पुरी व्हावी असा हट्ट मी धरणार नाही. त्यांनी फक्त वाचत राहावं. सखूबाईंची जागा माझी नाही, हे मी जाणते. पण तिच्या जरा अलीकडे बसून ऐकायला मी दर रविवारी सोनपेठला येत जाईन.