शेणातले पैसे

अख्ख्या बुऱ्हाणपुरात माझ्या मैत्रिणीइतकं पैशाला कोणी जपलं नसेल, आणि शेणात घालून तर कोणीच नाही. लोधीपुऱ्यात आमची घरं भिंतीला भिंत लागून, दुसरीतून शाळा सुटली तीही दोघींची एकाच दिवशी. तिला पैसा मिळाला की ती तो गवरीत थापायची. डब्यात ठेवला तर भाऊ नेतो, पदराला बांधला तर माय सोडून घेते. म्हणायची, "शेणात कोण हात घालतं गं? चोरालाबी लाज असते." पैशाच्या गवरीवर अंगठ्याचा ठसा, बाकीच्यांवर चार बोटं. एकदा तिच्या मायने शेजारच्या काकूला पाच गवऱ्या दिल्या, तर ही मागे धावली, "काकू, विंचू हाय त्यात!" काकूने टोपली तिथंच टाकली, हिने विंचू शोधत पाचही मोडल्या. पैसा सहावीत होता, घरीच.

एका होळीला तर पोरांनी तिची भिंतच साफ केली. होळीसाठी गवऱ्या चोरल्या तर भांडायचं तरी कोणाशी? सकाळी बघते तर शनवाऱ्याच्या चौकात, विझलेल्या होळीपाशी, ही पिठाची चाळणी घेऊन राख चाळू राहिली. येणाऱ्या बाया म्हणे, "काय भक्ती पोरीची!" सात पैसे निघाले, काळेठिक्कर. चिंचेने घासघासून तिने ते हलवायाला घ्यायला लावले, आणि आम्ही जिलेबी खाल्ली, अर्धी अर्धी.

मग लग्न होऊन मी इथं बहादरपुराला आले. मला माय नाही, बाळंतपण सासरीच होणार, म्हणून मी रडले तर म्हणाली, "मी येईन ना! पायी नाही, टांगा करून, मानाने." त्यासाठी पुन्हा गवऱ्या सुरू. तोवर भोकाचे पैसे आले होते, तर चिडली, "सरकारने मधला पैसा खाल्ला, आपल्याला नुसत्या कडा!" तिचंही लग्न झालेलं, बाळंतपणाला माहेरी आलेली, पोट सांभाळत गवऱ्या थापायची. तिची वेळ आधी आली. पाचवीच्या दिवशी ती गेली, लेकरूबी गेलं. मला दिवस होते, कोणी जाऊ दिलं नाही.

आज माझ्या लेकराची पाचवी. सकाळपासून नीट पीत नाही, मी घडीघडी त्याच्या नाकाशी बोट धरते. तिच्या मायने शेकायला टोपलीभर गवऱ्या पाठवल्या, "पोरीच्या हातच्या शेवटच्या आहेत" असा निरोप. मी टोपलीकडे बघितलंसुद्धा नाही, बाळाकडेच बघत होते. सासूने शेगडी पेटवली, शेकून झालं, राख काढताना खण्णकन वाजलं.

"अगं, हा भोकाचा पैसा कुठून आला?"

"टांग्याचं भाडं आहे, आत्याबाई," मी म्हटलं.

पैसा काळ्या दोऱ्यात ओवून बाळाच्या कमरेला बांधलाय. टोपलीत अंगठ्याच्या अजून चार गवऱ्या आहेत. त्या मी जवळ ओढून घेतल्यात, कोणाला जाळू देत नाही. टांगा करून आली आहे, पाचवीचा दिवस मावळेपर्यंत तरी तिला इथं बसू दे.