बाहेरच्या गादीमागची रेघ

माघारी तिला सगळे गुडघेबाई म्हणायचे. तोंडावर अर्थातच मॅडम. दवाखान्याच्या तळमजल्यावर एमआरआयच्या मशीनला लागून एक बिनखिडकीची खोली होती. तिथे दिवे मालवून ही बाई दिवसभर पडद्यावर लोकांचे गुडघे बघत बसायची. मणके, खांदे, डोकी यायचीच, पण ती इतरांकडे ढकलून गुडघा तेवढा ती स्वतःकडे ओढून घ्यायची. माणसांशी तिचं फारसं जमलं नाही. एखादा गृहस्थ लंगडत समोरून गेला तर तिला ओळख पटायची नाही, पण त्याचाच गुडघा पडद्यावर आला की "अरे, हे मागच्या वर्षीचे!" म्हणून ती सरसावून बसायची. असतो एकेकाचा स्वभाव. लग्नाला वेळच मिळाला नाही असं ती सांगायची आणि ऐकणारे भले असल्यामुळे मान डोलवायचे.

शिकाऊ डॉक्टर हाताखाली आले की ती त्यांना आधी गुडघा समजावून सांगायची, तोही अगदी घरगुती भाषेत. वर मांडीचं हाड, खाली नडगीचं, मधे दोन गाद्या. आतल्या बाजूची गादी अर्धचंद्रासारखी आणि कडेच्या लिगामेंटला घट्ट चिकटलेली. तिला हलायची सोय नाही, म्हणून तीच जास्त फाटते. बाहेरची जवळजवळ गोल, मोकळी, पाय मुडपला की मागे सरकणारी. एमआरआयमध्ये गाद्या काळ्याकुट्ट दिसतात आणि फाटलं असेल तिथे पांढरी रेघ. "इतकं सोपं असतं तर मला पगार कुणी दिला असता?" असं म्हणून मग ती मुद्द्यावर यायची. बाहेरच्या गादीच्या मागच्या टोकापासून एक बारीक लिगामेंट निघतं आणि वर मांडीच्या हाडाकडे जातं. सगळ्यांना असतंच असं नाही. पण असलं, तर ते गादीपासून जिथे सुटतं तिथे मधे एक रेघ दिसते, हुबेहूब फाटल्यासारखी. तुम्ही तिथे फसलात तर सर्जन धडधाकट गुडघा उघडून बसेल.

हे ती पुस्तकातून शिकली नव्हती. तरुणपणी ती स्वतःच तिथे तोंडघशी पडली होती. एका मुलीच्या गुडघ्यात तिने 'गादी फाटली आहे' असं लिहिलं, सर्जनने दुर्बीण घालून बघितलं तर गादी ठणठणीत. भर बैठकीत तो म्हणाला, "मॅडमना शिवण दिसली, त्यांनी भोक लिहिलं." सगळे हसले. तीही हसली आणि घरी जाऊन ढसाढसा रडली. तेव्हापासून तिने कानाला खडा लावला आणि त्या रेघेवर जणू डूखच धरला. कुणी पोराने त्या जागी फाटलंय असं लिहिलं की ती ते खोडायची आणि वर चार शब्द सुनावायची. बहुतेक वेळा तिचंच खरं असायचं. तेच वाईट झालं.

तिचा थोरला भाऊ फरशा बसवायचा. आईवडील लवकर गेले, तेव्हा हा शाळा सोडून कामावर गेला आणि गुडघ्यांवर बसला तो बसलाच. हिचं सगळं शिक्षण त्याच दोन गुडघ्यांवर झालं. गुडघ्यांना घट्टे पडलेले, नखांत कायम सिमेंट. बहीण डॉक्टर झाली तरी तो तिला धाकटीच म्हणायचा, आणि कामावर कुणाचं काही दुखलं-खुपलं की "आमच्या धाकटीला दाखवू" म्हणून मोकळा व्हायचा.

एकदा एका नव्या इमारतीत मोठी फरशी हातात घेऊन उठताना त्याचा पाय जागेवर राहिला आणि अंग तेवढं वळलं. गुडघ्यात कट्कन वाजलं. सूज उतरेना, तेव्हा वहिनीने त्याला जवळजवळ ओढतच बहिणीच्या दवाखान्यात आणलं.

"धाकटे, एवढंच सांग," मशीनच्या टेबलावर आडवा होताना तो म्हणाला, "परत खाली बसता येईल ना?"

त्याला बाकी कशाशी देणंघेणं नव्हतं. खाली बसता येत नाही अशा फरशीवाल्याला कोण कामावर घेणार?

मशीन चालवणाऱ्या तंत्रज्ञाने चित्रं तिच्या पडद्यावर टाकली आणि दारातच घुटमळला. "मॅडम, हा वरच्या सरांकडे पाठवू का? घरचं माणूस आहे."

"का? माझे डोळे गेले का?"

तो बिचारा मशीनकडे परतला. ती बघू लागली. मधली दोन्ही लिगामेंटं ताठ, शाबूत. आतल्या गादीची थोडी झीज, ती वयानुसार आलीच. मग ती बाहेरच्या गादीच्या मागच्या टोकाला आली आणि तिथे रेघ होती. तिला हसूच आलं. हीच ती! बारीक लिगामेंटही स्पष्ट दिसत होतं, गादीपासून सुटून वर निघालेलं. आता हिला ती फसणार होती थोडीच.

अशा वेळी काय करायचं ते तीच शिकवायची. गुडघ्याच्या मध्यापासून एकेक चित्र बाहेरच्या बाजूला सरकत जायचं. रेघ लिगामेंटची असेल तर ती लवकरच संपते. संपली नाही, बाहेरपर्यंत जात राहिली, तर गादी फाटलेली आहे. लिगामेंट असणं आणि गादी फाटणं, दोन्ही एकाच जागी होऊ शकतं. पोरांना ती कडेपर्यंत जायला लावायची. त्या दिवशी ती स्वतः गेली नाही. काचेपलीकडे दादा एका पायावर तोल सावरत चपला घालत होता. त्याच्याकडे बघता बघता तिने पडदा बंद केला. गुडघा चांगला आहे असं तिला दिसलं नव्हतं, तो चांगला असायला हवा होता.

"गादी शाबूत आहे," तिने बाहेर येऊन सांगितलं. "सूज उतरली की लाग कामाला."

"नक्की?"

"मी सांगतेय ना."

दादाचा चेहरा असा खुलला की तंत्रज्ञसुद्धा हसला.

तो कामावर गेला. गुडघा मधेच अडकायचा, मधेच दगा द्यायचा, आणि तो दात-ओठ आवळून उठायचा. मुकादम म्हणायचा, "डॉक्टरणीचे भाऊ तुम्ही, तुमचे लाड आम्ही कुठे करत बसणार?" वहिनीने दोनदा फोन केला. "वन्सं, अहो झोपेत कण्हतात हो ते. एकदा परत बघा ना."

"वहिनी, मी स्वतः बघितलंय. स्नायू कमजोर झालेत. व्यायाम करायला सांगा, टाळत असेल." हे सांगताना तिला दादाचा थोडा रागही आला होता. पुढे हाच राग तिला सगळ्यात जास्त खात राहिला.

मग एके दिवशी एका घराच्या स्वयंपाकघरात फरशी बसवताना त्याचा गुडघा वाकला तो सरळच होईना. होता तसा, मुडपलेल्या पायाने, त्याला उचलून गाडीत घालावं लागलं. ऑपरेशननंतर सर्जन मास्क खाली ओढत बाहेर आला. गादीचा फाटका तुकडा उलटून सांध्यात अडकला होता. "सुरुवातीलाच आले असते तर टाके घातले असते. आता चिंध्या झाल्या होत्या, बराचसा भाग काढावा लागला. जमिनीवर बसायचं काम मात्र आता विसरायला सांगा." जाता जाता त्याने विचारलं, "आधी एमआरआय झाला होता म्हणे?"

ती खाली आपल्या खोलीत गेली. दादाची जुनी चित्रं उघडली आणि एकेक करत बाहेर सरकत गेली. रेघ संपत नव्हती. अगदी कडेपर्यंत ती तशीच होती, पांढरीशुभ्र. पहिल्या महिन्यातल्या पोरालाही दिसली असती.

दुसऱ्या दिवशी ती त्याच्या खाटेपाशी बसली. "दादा, ते तेव्हाच फाटलं होतं. चित्रात होतं. मी नीट बघितलं नाही. माझी चूक झाली."

"मला वाटायचं, मीच कामचुकार झालोय," दादा म्हणाला. "दुखायचं आणि मी स्वतःलाच शिव्या घालायचो. तू गुडघ्याला काही झालं नाही म्हणाली होतीस ना."

"मला घाल शिव्या."

"येडी का तू? चुकतं माणूस."

त्याने आरडाओरडा केला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो तिच्या हातावर थोपटत राहिला आणि तिला तिथून उठून पळून जावंसं वाटलं.

पुढे दादाला फरशांच्या दुकानात काम मिळालं. उंच स्टुलावर बसून गिऱ्हाइकांना नमुने दाखवायचे. इकडे ती एकेका गुडघ्यावर इतका वेळ घेऊ लागली की तिच्याकडे कामाचा ढीग साचायला लागला. पोरं आपसात कुजबुजायची. तिच्या कानावर यायचं, पण ती पुन्हा पहिल्या चित्रापासून सुरू करायची.

एका रविवारी ती दादाकडे गेली. वहिनी ताटं घेऊन आली तेव्हा डावा पाय जपून टाकत होती.

"वहिनी, पायाला काय झालं?"

"गुडघा हो. मागच्या आठवड्यात फोटोपण काढला, ते मशीनमध्ये घालतात तो..." वहिनी बोलता बोलता थांबली आणि तिने दादाकडे बघितलं.

"कुठे काढला?" तिने विचारलं.

"बाजारापलीकडे नवीन झालंय ना, तिथे," दादा ताटाकडे बघत म्हणाला. "जवळ पडलं. तुला उगाच त्रास कशाला."

"काय निघालं?"

"काही विशेष नाही. थोडी झीज आहे म्हणाले. चांगले आहेत तिथले डॉक्टर, नीट समजावून सांगतात." मग त्याने भाजीचं भांडं तिच्याकडे सरकवलं. "घे, तू काही घेतलंच नाहीस."

तिने भाजी वाढून घेतली. फिल्म घरातच कुठेतरी असणार. ती आणायला कुणी उठलं नाही आणि तिनेही मागितली नाही.