मास्तरांचा आरसा

“कॉन्व्हेंट आली बघा. आता मागावर इंग्लिश चालणार!”

दारात चप्पल काढताना मला ऐकू आलं. बोलणारे डिझाइन मास्तर होते आणि मी ऐकतेय हे त्यांना ठाऊक होतं. चादरीच्या त्या कारखान्यातला माझा तो पहिला दिवस. पुढेही माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही.

मास्तर ग्राफच्या कागदावर कुठलंही चित्र अर्धंच काढत. मग खिशातला पट्टीएवढा आरसा कडेला उभा धरत, की समोरासमोर दोन मोर तयार. उरलेला अर्धा भाग मागावर आपोआप उलटा विणला जाई. जेवणाच्या सुट्टीत ते कडुनिंबाच्या पानावर, मेलेल्या फुलपाखरावर आरसा धरून बघत. “देव बी अर्धंच काढतो की,” म्हणत. हे वाक्य मला फार आवडायचं. मास्तर मुळीच आवडायचे नाहीत. माझ्या ग्राफवर ते चहाचा कप ठेवत. गोल डाग उमटला की म्हणत, “घे, तुझं फूल.”

फूल म्हणजे सूर्यफूल. नोकरीत कायम व्हायचं तर मला एक चादर स्वतः काढून दाखवायची होती. मैंदर्गीहून, मामाच्या शेतातून मी एक फूल आणलं. त्याच्या बिया मधून निघून वळत वळत कडेला जातात. काही रांगा डावीकडे, काही उजवीकडे. निवडुंगावर तेच, अननसाच्या सालीवर तेच. मी पूर्ण फूल काढलं.

मास्तरांनी खऱ्या फुलावर आरसा टेकवला. आरशाच्या रेषेवर बिया एकमेकींवर आदळल्या. ते बराच वेळ बघत राहिले.

“फूलच वाकडं हाय,” म्हणाले, आणि माझ्या ग्राफचा डावा अर्धा भाग फाडून टाकला. “जोडीशिवाय चादर नसती, कॉन्व्हेंट.”

उरलेला उजवा अर्धा तसाच मागावर गेला.

मास्तरांनी नंतर कारखाना सोडला. जाताना आरसा माझ्या टेबलावर टाकला. नवं काही काढायला घेतलं की मी आधी तो धरून बघते, हे अर्ध्यात मावतंय का. त्यांना गुरू मात्र मी म्हणणार नाही.

कारण त्या सूर्यफुलाच्या चादरीचा नमुना मागावरून उतरला तो दिवस मला आठवतो. मालक बघायला आले. सूर्यफुलाच्या मधोमध वरून खाली सरळ रेघ गेली होती.

“हे काय झालंय?”

“पोरीचं डिझाइन हाय मालक, तिलाच इचारा,” मास्तर म्हणाले.

माग बंद करून विणकर अन्वरभाई हसले. “बोला की ताई, इंग्लिशमधी बोला!”

मालक वाट बघत होते. मी मास्तरांकडे वळले.

“मास्तर,” मी म्हणाले, “सूर्यफूल भांग पाडत नाही.”